दुहेरी ब्रेकची गाडी

भगवंताने माणसाला पाय दिले ते चालायला. मास्तरीणबाईंना मात्र थांबवायला दिले असावेत! अकरा वर्षे त्या गाडी शिकवीत होत्या. शिकाऊ माणूस स्टिअरिंगपाशी, बाई शेजारी, आणि बाईंच्या पायाशी दुसरा ब्रेक. समोर कुत्रे येवो, सायकल येवो, भिंत येवो, शिकणाऱ्याला दिसायच्या आत बाईंचा पाय पोचलेला असे. केवढी ती माया, आणि केवढी ती घाई!

एकच शिष्या अडली होती, आणि ती घरचीच: त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई. परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा थांबायची पांढरी रेघ त्यांनी हसतमुखाने ओलांडली आणि अखेर परीक्षकालाच ब्रेक दाबावा लागला. इतर शिष्य घरच्या गाडीवर सराव करीत. सासूबाईंच्या घरची गाडी हीच.

"आता तिसरी आणि शेवटची," त्यांनी जाहीर केले. "या खेपेला जमलं नाही तर किल्ली तुला लखलाभ, मी आपली खुर्चीत बसेन."

परीक्षा शुक्रवारी होती. मंगळवारी ब्रेक किंचाळू लागला.

दोघींनी गाडी मिस्त्रींकडे नेली आणि मिस्त्रींनी पुढची चाके उतरवली. पॅड झिजून कागद झाले होते, आणि ते जिला धरतात त्या डिस्कवर बोटाला लागतील असे चरे पडले होते.

"खरादून, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करून घेता येईल का हो?" बाईंनी विचारले.

मिस्त्रींनी जाडी मोजली. "कडेला किमान जाडी कोरलेली असते, ही तिच्याही खाली गेलीय. खरादली तर पत्राच उरेल. डिस्क नव्या, पॅड नवे, आणि दोन्ही चाकांचे. एकाच बाजूला बदललं तर गाडी तिकडे ओढेल." मग ते आत वाकले आणि खो खो हसू लागले. "बाई, इकडे या! हे बघा."

शिकाऊच्या ब्रेकच्या पेडलवरचे रबर कोरे करकरीत, रेघ न् रेघ शाबूत. बाईंच्या ब्रेकचे? साफ टक्कल!

"अकरा वर्षं शिकवताय, पण ब्रेक काही कुणाला मारू दिला नाहीत!"

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मला वाटायचं गाडीच शहाणी, आपली आपण थांबते!"

नापास कोण झाले होते, ते बाईंना त्या टकलात लख्ख दिसले.

सुट्या भागांच्या दुकानात दुकानदाराने विचारले, "गाडी चालवतं कोण?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मी," सूनबाईही म्हणाल्या.

"बरं. आणि थांबवतं कोण?"

दोघींनी घाईने डिस्ककडे मोर्चा वळवला.

सासूबाईंनी भोकाभोकांची चकचकीत डिस्क उचलली. "हीच घेऊ. किती नाजूक जाळी!"

"आई, ती शर्यतीच्या गाडीची आहे."

"मग? मी काय रांगायला निघालेय?"

"आजी, हिच्यासोबतचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"आधी तापणार, मग ऐकणार? राहू दे. तसला एक घरी आहे."

"हे दुसरे धातूचे. जोरात धरतात, पण कुरकुरतात."

"तशाही आहेत घरी," सूनबाई पुटपुटल्या.

"ऐकू आलं हो मला!"

तिसरे सिरॅमिकचे: शांत, थंड असतानाही धरणारे, पाय जेवढे सांगेल तेवढेच ऐकणारे. दोघींचे बोट एकाच वेळी त्यांच्यावर पडले. सोबतीला साधी, बिनभोकांची डिस्क. जुनीवर नवी ठेवून दुकानदाराने माप जुळवून दिले.

बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "नव्या पॅडची नव्या डिस्कशी ओळख व्हायला हवी. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेकने कमी करायचा, दहा वेळा. पण पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी टेकला की डाग पडतो, मग पेडल थरथरतं. आणि बाई, तुमचा पाय मध्ये आला की गाडी थांबलीच समजा."

बाईंनी काय करावे? पट्टा लावला आणि सीटवर चक्क मांडी घातली!

गाडी धावली. पहिल्या खेपेला सासूबाईंनी इतके अलगद दाबले की काहीच झाले नाही. दुसऱ्या खेपेला दोघींनी मान तुकवून रस्त्याला नमस्कार केला. तिसऱ्या खेपेला बाईंनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले. चौथ्या खेपेला मात्र वेग असा उतरला, जसे लेकरू खांद्यावरून खाली ठेवावे! पाच, सहा, सात... "धरतोय गं, धरतोय! माझं ऐकतोय!" सासूबाई ओरडल्या, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी आले. दहा झाल्या तरी पाय कुणाला आवरतोय? सासूबाईंनी अकरावी खेपही मारून घेतली.

शुक्रवारी परीक्षक शेजारी बसला, पाय आधीच ब्रेकच्या वर रोखून. मागचे दोन अनुभव तो विसरला नव्हता. बाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या, हाताला काम नाही, पायाला ब्रेक नाही. पांढरी रेघ आली. गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि रेघेच्या वीतभर अलीकडे नम्रपणे उभी राहिली. परीक्षकाने न वापरलेला पाय मागे घेतला आणि कागदावर सही केली.

परतताना सासूबाई गात चालवीत होत्या.

"आई, आपलं घर मागे गेलं!"

"कळलं मला," सासूबाईंनी वेग किंचित वाढवला. "ब्रेक माझ्या पायाखाली आहे ना? थांबावंसं वाटलं की थांबेन."