छबूचं बारसं

नलिनीताई दाते ठासून सांगायच्या, की घरातलं नाव कागदावर ठरत नसतं. पाळण्यातलं नाव काय, शाळेच्या दाखल्यावर सुखाने पडून राहतं. घरातलं नाव गॅसवर कढई असताना स्वयंपाकघरातून ओरडून बघावं लागतं.

त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, आणि अयोध्या नगरातल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांच्या भावाचा मुलगा आशय, त्याचा सिडनीहून फोन आला. "आत्या, मला बहीण नाही. बारशाला बाळाच्या कानात कुर्र तूच करायचंस, व्हिडिओ कॉलवर. नाव शर्वरी ठरलंय. घरातलं नाव तू सुचव ना!" त्याने फोन ठेवला आणि बाईंना आठ दिवसांचं काम मिळालं.

कामाला त्या लगेच लागल्या. "मनेऽ, आंघोळीला चल!" छे, मांजरीला बोलावल्यासारखं वाटलं. "चिऊऽ" फार बारीक निघालं. "बबडे" म्हणताना त्यांना एकटीलाच हसू फुटलं. तिसऱ्या दिवशी शेजारची शिल्पा तिवारी दारात.

"आंटी, कोई आया है क्या? आप किसी को बुला रही थीं."

चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेल्या बाईने बिनदिक्कत थाप मारली. "हां, भतीजे की बिटिया आई है. सो रही है." दार लावल्यावर त्यांना लाज वाटली. बरंही वाटलं.

सातव्या दिवशी दूध वर आलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "छबेऽ, दूध!"

छबू म्हणजे त्या स्वतःच. लहानपणी बरखेड्याच्या क्वार्टरपाशी सायकलवरून उतरता उतरता त्यांचा भाऊ, आशयचा बाप सदाशिव, अशीच हाक मारायचा. "छबेऽ, दार उघड!" सदाशिवला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता दूधवाल्याला त्या मॅडमजी, शेजारी आंटी, आशयला आत्या. छबू म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. पोरीला हे नाव दिलं तर रोज कुठल्या तरी घरात ते मोठ्याने घेतलं जाईल, आपल्याला ऐकू नाही आलं तरी चालेल, असं त्यांना फार फार वाटलं.

बारशाच्या दुपारी त्या ठेवणीतली माहेश्वरी नेसून फोनसमोर बसल्या. आशयने फोन बाळाच्या कानाशी नेला तसा पडदा काळा झाला. त्या काळोखात नलिनीताई म्हणाल्या, "कुर्रर्र... शर्वरी." आणि मग हळूच, "छबू."

फोन पुन्हा वर आला. आशयची बायको सोनाली हसत होती. "अहो आत्या, छबू? इथे कुणाला म्हणता तरी येईल का? आणि आम्ही तिला कीवी म्हणतोय ना, सगळ्यांना सवयच झालीय आता."

"आणि छबू तर तू," आशय म्हणाला. "बाबा म्हणायचे ना? ते तुझंच राहू दे, आत्या."

तो मायेनेच बोलला, म्हणून तर जास्त लागलं. तुझंच राहू दे म्हणे! हाक मारायला कुणी नको?

"हो रे, माझंच ते," त्या म्हणाल्या. तिकडे पाहुणे आले, केक आला, "नंतर करतो हं" झालं आणि फोन बंद झाला.

साडी न बदलता त्या तशाच बसून राहिल्या. रडू आलं नाही. सदाशिवचा मात्र भयंकर राग आला. थोरल्या बहिणीच्या आधी जातं का कुणी? अंधारून आलं तरी त्यांना उठवेना. शेवटी त्यांनीच खणखणीत आवाजात हाक मारली.

"छबेऽ! ऊठ, दिवा लाव."

त्या उठल्या. दिवा लावला.

पलीकडच्या गच्चीतून शिल्पाचा आवाज आला. "आंटी, बिटिया अभी यहीं है? कब तक रहेगी?"

"अब यहीं रहेगी," नलिनीताई म्हणाल्या.