छाटलं की फुटतं

आमच्या मालकांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला तेव्हा अशी काही ग्रंथी पुरुषाच्या अंगात असते हेही मला ठाऊक नव्हतं. मालक म्हणजे माझा नवरा. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे लाजायचं कारण उरलेलं नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. विट्याच्या अलीकडे आमची द्राक्षबाग होती. मुलगा परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होता. घरात आम्ही दोघंच.

सुरुवात लघवीपासून झाली. बांधाआड गेले की लवकर परत यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, वयाचं आहे. मग कंबर दुखायला लागली. बागेत दिवसभर हात वर करून काम, तिथं कंबर कुणाची दुखत नाही? तेल चोळलं, शेक दिला. एकदा चोळताना मणक्यावर बोट जरा दाबलं गेलं. छाटणीच्या कात्रीत अंगठा सापडला तेव्हा हा माणूस शिवी देऊन, चिंधी बांधून परत कामाला लागला होता. तोच आता लहान पोरासारखा ओरडला. त्या दिवशी मी घाबरले, आणि ती भीती पुरती कधी गेली नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं, सुईनं आतल्या मांसाचा तुकडा काढला, कंबरेचा फोटो काढला. तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी फोटो उजेडाला धरून आम्हाला दाखवला. हाडांवर चुना उडाल्यासारखे पांढरे ठिपके होते. मला वाटलं फोटो धुताना काहीतरी बिघडलं. डॉक्टर म्हणाले, हाच तो आजार, ग्रंथीतून हाडात उतरलाय.

मालक खाली बघत बसले. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, पण मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, तिथला आजार हाडात कशाला जातो? डॉक्टर चांगले होते, हाकलून दिलं नाही. त्यांनी सांगितलं की ही गाठ एकटी वाढत नाही. भोवतीचं मांस तिला सांभाळतं, रक्ताच्या बारीक नळ्या तिला पुरवतात. हाडातली जागाही तिला मानवते. अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळं लिहून ठेवलेलं असतं, पण सगळं एकदम वाचलं जात नाही. काही उघडं असतं, काही मिटलेलं. भोवतालचं बदललं की मिटलेलं उघडतं, आणि शहाणी पेशी बेताल होते. कुणाची गाठ मरेपर्यंत निजून राहते, कुणाची अशी धावते.

मला ते कळलं. वेलीच्या काडीवर जिथून कोंब फुटतो त्या डोळ्यात घडही असतो आणि नुसती बाळीही, जी तारेला विळखा घालते. ऊन नीट मिळालं तर घड येतो, नाहीतर त्याच डोळ्याची बाळी होते. मी विचारलं, मग ह्यांच्यात हे कशानं उघडलं? डॉक्टर म्हणाले, माहीत नाही.

त्या उत्तरानं माझी झोप उडाली. औषध फवारलं त्यानं? मी रांधलं त्यानं? सासऱ्यांकडून आलं? तसं असेल तर मुलाच्या अंगातही ते मिटून पडलं असेल. भाकरी थापताना सुद्धा माझ्या डोक्यात हेच चालायचं.

उपाय एकच होता. खालच्या दोन्ही गोळ्या काढायच्या, बैल खच्ची करतात तसं. तिथं जो रस तयार होतो तो ह्या आजाराचं खाणं. खाणं बंद केलं की तो दबतो. डॉक्टरांनी हेही बजावलं की उशीर केला आणि मणका खचला तर पाय जातील, मग काही करता येणार नाही.

घरी आल्यावर मालकांनी सांगून टाकलं, ऑपरेशन करायचं नाही. मला वाटलं लाज. लाज होतीच, पण मुख्य कारण वेगळं निघालं.

"छाटलं की फुटतं," ते म्हणाले. "गप निजलेली काडी. कात्री लागली की समदे डोळे फुटत्यात. ह्येला कात्री लावू नगंस."

हे आमच्याकडच्याच माणसाला सुचावं. सगळा जन्म काडी छाटून ती फुटायची वाट बघण्यात गेलेला. त्यात त्यांनी पारावर आडून आडून चौकशी केली, एका पाव्हण्याचं म्हणून. लोकांनी सांगितलं, अमक्याला सुरी लागली आणि आजार भडकून तो गेला. तो माणूस दवाखान्यात किती उशिरा गेला होता ते कुणी सांगितलं नाही.

मी भांडले, अबोला धरला, उपयोग झाला नाही. मग मी नुसती बघत राहिले. कसे उठतात, कशाला धरतात, पायरी चढताना कुठला पाय आधी टाकतात. डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानातून जात नव्हतं.

एक दिवस दुपारी बागेत ते माझ्यापुढं चालत होते. डाव्या पायातली चप्पल सरीत निसटली. ते तसेच पुढं गेले. ढेकळं, काटक्या, छाटलेल्या काड्यांचे टोकदार तुकडे, सगळ्यावर अनवाणी पाय टाकत गेले. मी चप्पल उचलली आणि म्हणाले, "आवं, चप्पल." त्यांनी खाली बघितलं. चप्पल गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. तळव्यातून रक्त येत होतं. आम्ही दोघंही त्या पायाकडं बघत उभे राहिलो. मग मी पदराची चिंधी फाडून त्या पायाला बांधली.

संध्याकाळी मी साताऱ्याला धाकट्या भावाला निरोप धाडला. तो मिलिटरीतून रिटायर होऊन तिथं राहत होता. दुसऱ्या दिवशीच आला आणि आल्या आल्या हुकूम सोडायला लागला. "दाजी, ऑर्डर समजा. निकालो और छुट्टी."

मालक म्हणाले, "आदी तुज्या काढ. मग बगू."

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. मी मालकांच्या पुढ्यात जाऊन बसले.

"छाटायचं कोण म्हणतंय? पाणी तोडायचं हाय. घड उतरवायच्या आदी बागंचं पाणी तोडता, तवा काय फुटतं का? त्ये रसाव जगतंय. रस बंद करायचा."

त्यांनी पायाची चिंधी सोडली आणि परत आवळून बांधली.

"गावात कळलं तर?"

"सातारला करू. मेव्हण्याकडं ऱ्हायला गेलो म्हणू."

"तू सांगशील कुनाला तरी."

"मला सांगायला लाज वाटत न्हाई, पर सांगनार न्हाई."

साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांना आत नेलं तेव्हा मी बाकावर बसले. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. नंतर पंधरवड्याच्या आत कंबर सैल झाली. पायात थोडी जाण परत आली, सगळी नाही. पण चालू लागले. गावी आलो. मेव्हण्याकडचं पाणी मानवलं, असं लोक म्हणाले. मालकांनी मान हलवली.

पुढं सांगलीच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, आता दबलंय, मेलेलं नाही. उपाशी राहूनही जगायला शिकलेले काही कण मागं राहतात. कधी उठतील सांगता येत नाही.

थंडीत मालकांना घाम फुटायला लागला. एकदम तोंड लाल, अंग भिजलेलं. आजार परत उठला म्हणून ते घाबरले. मी कपाळाला हात लावला आणि ओळखलं. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, पण मी आधी सांगितलं होतं.

"ह्ये बायकांचं हाय. माजी पाळी गेली तवा मला हुतं. तवा तुमी म्हनायचा, सारखी काय पदरानं वारा घेतीस."

"लय वाईट हाय की गं ह्ये," ते म्हणाले.

"व्हय तर."

आम्ही दोघंही हसलो. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं एक घेतलं. घाम येतोय म्हणजे पाणी तुटलेलं आहे, आजार उपाशी आहे. घाम थांबला की तो उठला. असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. ते माझं मीच ठरवलं होतं. म्हणून रोज सकाळी, ते तोंड धुवायला गेले की, मी त्यांच्या उशीला हात लावून बघायची. ओली लागली की चहा ठेवायची.