आईने झॉम्बी बुंध्याशी कापले

मंडळी, आज दुपारपासून माझी छाती फुगलेली आहे, कारण आमच्या आईने झॉम्बी मारले!

कॉलेजात असताना मी या जुन्या भीतीदायक गेमच्या पहिल्याच गावात अडकायचो. आज तोच गेम हात हलवून खेळायच्या रिमोटवर लावला. रिमोट फिरवला की पडद्यावर चाकू फिरतो. मी झॉम्बींच्या डोक्यावर वार करत राहिलो आणि चार वेळा मेलो.

मागे आई मेथी निवडत होती. जसोंडीला, आमच्या गावी, तिने वीस वर्षं बागेत ओळीमागून ओळ केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं, म्हणजे नवे कोंब, कापले. बुऱ्हाणपूरला माझ्याकडे आल्यापासून म्हणते, "आता माझं काय काम?"

आज मात्र तिला राहवलं नाही. "अरे, वरून काय मारून राहिला? बुंध्याशी काप, नाहीतर परत फुटतं ते. दे इकडे!"

तिने मनगट फिरवलं ते थेट झॉम्बींच्या पायांवर. एकेक आडवा! अख्खं गाव साफ.

तुमच्या घरात कोण म्हणतं, "आता माझं काय काम?" त्यांच्या हातात एकदा रिमोट देऊन बघा.

आमची आई तर विचारतेय, "पुढची ओळ कुठंय?"