खडूने लिहिलेला खुनी

कादंबरीचा शेवटचा भाग बाहेर पडायच्या आधीच ज्या कुणी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर खुन्याचं नाव लिहिलं, त्याला लाज वाटायला हवी. माणसं पाच महिने वाट बघतात आणि हा शहाणा एका ओळीत सगळं संपवतो!

त्र्यंबकरावांचे किस्से आमच्या मंडळींत प्रत्येकाकडे एक तरी आहेच. एकाने काढला की दुसऱ्याला आठवतो, चहा थंड होतो. फळ्याचा किस्सा मात्र माझ्यासमोर कुणी काढत नाही. म्हणून आधी बाकीचे.

* * *

त्र्यंबकराव कोर्टात कारकून, आणि घरी रहस्यकथाकार. दर महिन्याला एक पातळ पुस्तिका, अशा सहा पुस्तिकांत एक कादंबरी. कागदावर इतके खून केलेला हा माणूस दाढी करताना जरा कापलं तरी घेरी येऊन पडायचा. त्यामुळे धरमपेठेत त्यांच्या घरी येणारा न्हावी वस्तऱ्याबरोबर एक कांदाही आणत असे. हुंगवायला!

* * *

एकदा त्यांनी लकडगंजात सागवानाच्या ढिगाखाली प्रेत दाखवलं. आठवड्याभरात तिथल्या एका लाकडाच्या टालीचे शेठ टांगा करून दारात हजर. त्र्यंबकराव हात जोडूनच बाहेर आले.

शेठजींची तक्रार निराळीच होती. "मुर्दा आमच्या टालीतला, हे साफ लिहा न साहेब! लोकं शेजाऱ्याची टाल पाहाले जाऊन राहिले!"

* * *

त्यांची लिहिण्याची रीत छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. पाचवा भाग छापून झाला की ते खिळे जुळवणाऱ्या सीतारामजवळ स्टूल ओढून बसत आणि विचारत, खुनी कोण वाटतो? सीताराम नाव घेई. ते नाव सोडून दुसऱ्या कुणाला तरी खुनी करून त्र्यंबकराव सहावा भाग लिहीत.

सीताराम म्हणायचा, "म्या नाव घेतलं का तो सुटलाच समजा. कोर्टातल्या वकिलाईले सांगू नका."

त्यांचा खुनी आजवर कुणालाही आधी ओळखता आला नव्हता. त्या माणसाला अभिमान होता तो एवढाच.

* * *

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात होतो, खादी घालत होतो, प्रभातफेरीत पुढे असायचो. देश पेटलाय आणि नागपूरकर खुनी शोधत बसलेत, याची मला चीड होती. वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी तसं बोललोही. पहिल्या रांगेत बसून त्र्यंबकरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे मी जास्तच चिडलो.

वाचनालयाच्या फळ्यावर रोज ताज्या बातम्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या कॉलेजचं मासिकही सीतारामच्याच छापखान्यात निघे. तिथे बसून बसून मला उलटे खिळे वाचायची सवय झाली होती. एकदा मुद्रितं न्यायला गेलो, तर टेबलावर सहाव्या भागाचं शेवटचं पान जुळवून ठेवलेलं. वाचलं. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाच्या बातमीखाली मी लिहिलं: "खुनी दिवाणजी आहे. आता देशाचं काम करा."

होय, तो मीच.

* * *

त्र्यंबकरावांनी फळा वाचला, चष्मा पुसला आणि तडक छापखान्यात गेले. जुळवलेली पानं त्यांनी मोडायला लावली. अंगात ताप असताना चार दिवस तिथेच बसून सगळा शेवट नव्याने लिहिला. दिवाणजी निर्दोष सुटला! फळा वाचलेले वाचक असे चकले की ती कादंबरी सगळ्यात जास्त गाजली.

मला वाटलं, हरलो. एवढंच वाटलं. तापाचं सीतारामने मला फार नंतर सांगितलं.

* * *

पुढच्या कादंबरीचा पाचवा भाग आला आणि त्र्यंबकराव अंथरुणाला खिळले. मी माफी मागायला गेलो. शब्द जुळवून गेलो होतो.

त्यांनीच आधी विचारलं, "काय रे, या वेळी फळ्यावर कोणाचं नाव लिहिणार होतास?"

मी मान खाली घालून म्हटलं, "डॉक्टरचं."

ते खोकत खोकत हसले. "मग डॉक्टर सुटला."

* * *

सहावा भाग आला नाही. सीताराम म्हणाला, एक ओळही लिहिलेली नव्हती.

ते गेल्याची बातमी फळ्यावर मीच लिहिली. पूर्ण सभ्य भाषेत, तारखेसकट. लिहून हात झटकले. मागे वळून पाहिलं तर वाचनालय भरलेलं. टालवाले शेठ होते, न्हावी होता, कोर्टातले दोन कारकून होते. बहुतेकांच्या हातात पाचवा भाग. कुणी जाईना.

वाचनालयाचा शिपाई गणपत पुढे आला. मी खाली ठेवलेला खडू त्याने उचलला आणि परत माझ्या हातात दिला.

"लिहा न भाऊ," तो म्हणाला, "खुनी कोन हाय? तुमाले तं पयलेच माईत असते."