गेलेली बावीस मिनिटं

अगं बायांनो, जरा जवळ या. आणि आधी तो कुकर सोडा बघू! वाफ जिरायच्या आत झाकणाशी कसली झोंबाझोंबी करता? आमचे नाना असते तर त्यांनी नुसता तळहात दाखवला असता, चौकातला पोलीस दाखवतो तसा. म्हणाले असते, "थांब ना माय. आत जित्ता शेतस."

आत जिवंत आहेत ते जंतू. जळगावच्या एका कॉलेजात जंतूंची प्रयोगशाळा होती. नाना तिथे शिपाई, मी काचसामान धुणारी, दोघंही कंत्राटावर. पोरं काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायची, कधी गटाराच्या पाण्यातले, कधी घशातले. प्रयोग झाला की बशा मोठ्या कुकरमध्ये जायच्या. सगळे त्याला ऑटोक्लेव्ह म्हणत, नाना म्हणत 'म्हातारा'. पुरता दाब चढला की नाना भिंतीवर खडूने वेळ लिहीत, आणि मग तीस मिनिटं स्टुलावरून हलत नसत. लघवीलाही नाही. मग दाबाचा काटा आपला आपण शून्यावर येऊ द्यायचा, त्यानंतर झाकण, आणि त्यानंतर त्या बशा माझ्या मोरीत.

मी चौथी शिकलेली. एकदा विचारलं, "नाना, काही दिसत तर नाही. एवढं भ्यायचं कशाला?"

"दिसतं त्याले कोन भ्यायचं?"

एके दिवशी तपासणीची समिती यायची होती. मोठ्या सरांना सगळ्या बशा धुऊन, मांडून हव्या होत्या. आणि नेमकी बाविसाव्या मिनिटाला लाईट गेली. काटा घसरत घसरत शून्यावर आला. सरांनी स्वतः झाकण उघडलं. बशांच्या पुडक्यावरची चिकटपट्टी उष्णतेने काळी पडते, ती पडली होती.

"बघा, मेले सगळे. काढा बाहेर."

"पट्टीला उकडलं, एवढंच तिला कळतं सर, किती वेळ ते नाही," म्हणत नानांनी झाकण परत आवळलं.

लाईट आली, दाब चढला. नानांनी भिंतीवरची वेळ खोडली आणि नवी लिहिली.

"अहो, बावीस झाली होती ना? आठच राहिली!"

"ती बावीस गेली सर. परत पहिल्यापासून."

"समिती जिन्यात आहे, नाना!"

"मंग जिन्यात थांबू द्या."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्या सकाळी काचेची नळी फुटून माझं बोट चिरलं होतं. मी चिंधी बांधून पदरात लपवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. "बठ्ठ्या बशा हिच्याच हातात जाणार. ते बोट पहा."

सर हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या कंत्राटावर सही माझी असते."

नानांनी तळहात वर केला. मोठ्या सरांना! आणि स्टुलावर बसले.

समिती आली तेव्हा म्हातारा फुसफुसत होता, खोलीभर शिजल्याचा उग्र वास. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. एक बाई मात्र भिंतीवरची खोडलेली वेळ बराच वेळ पाहत राहिल्या.

नानांचं कंत्राट संपलं ते संपलंच. शिरपूरकडच्या आपल्या गावी निघाले तेव्हा मला रडू आवरेना. म्हणाले, "रडू नको. स्टूल घे." खडूचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि गेले.

पुढे म्हातारा मीच सांभाळला. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा सर दारात आलेच, "बाई, राहिलेली मिनिटं केली की पुरे." मी वेळ खोडली, नवी लिहिली आणि तळहात दाखवला. हात खाली घेतला नाही. म्हटलं, करा काय करायचं ते!

परवा शिरपूरहून निरोप आला, नाना गेले. मी बोटावरची ती पांढरी रेघ बघत बसले होते, तेवढ्यात तुमची आठवण झाली, म्हणून आज इकडे आले. आता एकदा तुम्ही या गं माझ्याकडे, लवकर या. खिचडी लावते. वाफ जिरेपर्यंत मात्र बसावं लागेल, सांगून ठेवते.