पायाला बांधलेली सुतळी

रेस द्यायचं काम माझं. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून. नवरा ट्रकच्या डिझेल पंपाचं आणि नोझलचं काम करतो. शहापूर-मुरबाड रस्त्याला आमचं घर, आणि दारातच पत्र्याची शेड, तेच गॅरेज. पंप लावायचा म्हणजे एक माणूस इंजिनापाशी हवा आणि एक केबिनमध्ये, ॲक्सिलेटरवर पाय ठेवून. यांच्या तोंडापुढे हाताखालचा एकही माणूस टिकला नाही. मीच टिकले, जाणार कुठे!

बॉनेट उघडलं की केबिनमधून समोर नुसता पत्रा दिसतो. ते मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही. म्हणून सगळं ओरडून. ते खालून ओरडणार, "दे! आणखी दे गो, जेवली नायस का?" मी वरून ओरडणार, "नीट सांगा ना, पाय काय तुमच्या बापाचा हाय?" रस्त्याने जाणाऱ्या माणसाला वाटावं, यांची जुंपली. आमचा अख्खा संसार असा ओरडूनच झाला, आणि खरं सांगते, त्यात मजा होती.

त्यांचे कान लहानपणापासून वाहायचे. दोनदा औषधं झाली, तात्पुरतं बरं वाटलं की बाटली खिडकीत सुकून जायची. मग हळूहळू ऐकू येणं कमी झालं. आधी घड्याळाचा गजर गेला, मग दारावरची हाक, मग मी. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं. ते गॅरेजात इंजिनाच्या आवाजाने शिट्टी मारायचं, तेव्हा यांनी ते काढून कपाटात ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. मी समजावलं, भांडले, एकदा रडलेसुद्धा. भिंतीपुढे रडल्यासारखंच ते.

ऐकू येईना तसं त्यांनी उत्तर द्यायचं सोडलं. मग बोलायचंच सोडलं. जे काही बोलायचे ते एवढं मोठ्याने, की समोरचा दचकायचा आणि यांना कळायचं की काहीतरी चुकलं. मग आणखी गप्प. मी सकाळी चहा ठेवताना कोंबड्यांशी बोलायचे, दुपारी टीव्हीशी. मुलगी आसनगावला दिलीय, ती फोनवर विचारायची, "आई, तुझा आवाज का गं असा? सर्दी झाली का?" मी म्हणायचे, "नाय गो, तुझ्या बापाशी बोलत होते." ती हसायची. मीही हसायचे. पण मला फार एकटं वाटायचं, सांगायला लाज कसली? नवरा गेलेल्या बाईला निदान चार लोक येऊन विचारतात. माझा तर समोर बसून भाकरी खात होता.

गिऱ्हाईकंही कमी झाली. नव्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, त्यांचं काम यांच्याकडे नाही. जुन्या गाडीवाल्यांना यांच्याशी बोलता येईना, म्हणून तेही दुसरीकडे जायला लागले. शेवटी नेमाने येणारा एकच ट्रक उरला, धसईच्या गवतवाल्याचा. तो सुकं गवत दाबून गाठी बांधतो आणि तबेल्यांना पोचवतो. माणूस वाईट नाही, पण धंद्याला धंदा मानणारा.

यंदा म्हसा गावच्या जत्रेच्या आधी तो आला तेव्हा ट्रक काळा धूर ओकत होता. चढाला गाडी बसते म्हणून याने स्वतःच्या डोक्याने कुठून तरी मोठ्या भोकाचे नोझल आणून बसवले होते. ताकद वाढेल म्हणे! नोझल मोठा केला की इंजिनात डिझेल जास्त पडतं, हवा मात्र तेवढीच. मग न जळलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडतं, आणि सायलेन्सरमधून ठिणग्या उडतात. आणि मागे भरलेलं काय, तर सुकं गवत. असा शहाणा.

"काकू, काकांना सांगा," तो मला म्हणाला. काका शेजारीच उभे होते. "जत्रेला बैलांसाठी गवत न्यायचंय. धूर गेला पाहिजे आणि ताकद राहिली पाहिजे. नाय जमलं तर सांगा, मी कल्याणला मशीनवर पंप लावून घेतो. मग पुढचं पण तिकडंच."

पुढचं पण तिकडंच. म्हणजे हा ट्रक गेला की शेडचं दार बंद, आणि हे दिवसभर ओटीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसणार. तसा बसलेला माणूस फार दिवस काढत नाही, मी माझ्या सासऱ्यांचं पाहिलंय. मी हाताने धूर दाखवला, जत्रा दाखवली, कल्याणची दिशा दाखवली. त्यांना कल्याण बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये चढून बसले, तर हे सुतळी घेऊन आले. एक टोक माझ्या घोट्याला बांधलं, दुसरं खिडकीतून बाहेर काढून स्वतःच्या मनगटाला. एक बोट दाखवून म्हणाले, "दे." दोन बोटं दाखवून म्हणाले, "सोड." एक झटका म्हणजे रेस द्यायची, दोन झटके म्हणजे सोडायची. मी बघतच राहिले. बैलाला कासरा लावतात तसा मला लावला! पण त्यांच्या तोंडावर असं काही होतं, की मी गुमान बसले.

सकाळभर तो खेळ चालला. झटका आला की पाय दाबायचा, दोन आले की उचलायचा. मधे ते इंजिन बंद करायला लावायचे, पंप थोडा फिरवून टायमिंग, म्हणजे डिझेल पडायची वेळ, मागे-पुढे करायचे, पुन्हा चालू. मागच्या आरशात धूर दिसायचा, काळा तो काळाच. आणि माझ्या तळपायाला एक गोष्ट कळत होती. इंजिन सारखं चालत नव्हतं, मधेच लंगडत होतं. सहातला एक कोणता तरी नोझल इतरांच्या आधीच डिझेल सोडत होता. पूर्वी मी वरूनच ओरडले असते, "अवो, एक वेगळा पडतोय!" आणि ते म्हणाले असते, "कळतंय मला, गप!" आता ओरडून उपयोग काय? मी सुतळी माझ्या बाजूने ओढली. त्यांना वाटलं कुठे अडकली, त्यांनी जोरात हिसडा दिला. घोटा कापला माझा.

मग मात्र माझं डोकं फिरलं. सुतळी सोडली, उडी मारून खाली उतरले आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तोंडाने जे बोलले ते इथे लिहीत नाही. हाताने सहा बोटं दाखवली आणि त्यातलं एक मिटलं. पुन्हा सहा दाखवली, पुन्हा एक मिटलं. ते माझ्या घोट्याकडे बघत होते. मग बोटांकडे बघितलं.

ते पेटीकडे गेले आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं. माझ्याकडेही चोरून पाहिलं, पण मी काही हलले नाही. मग त्यांनी ती मूठ दातात धरली, अशी घट्ट, आणि टोक चालू इंजिनाच्या पहिल्या नोझलवर टेकवलं. डोळे मिटले. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मला वाटलं, झालं, माणूस खुळा झाला. पाचव्यावर टेकवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मूठ तोंडातून काढून ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की कोंबड्या शेडमधून पळाल्या.

"पाचवा! पाचवा हाय गो!"

मी खुणेने विचारलं, ऐकू येतं? त्यांनी दातांवर बोट आपटलं, मग डोक्याच्या हाडावर. "ह्यातून येतं," म्हणाले. "सगळं येतं. पयल्यासारखं." कधीपासून असं दातात धरून ऐकत होते कोणास ठाऊक. लोक हसतील म्हणून माझ्यापासूनसुद्धा लपवलं होतं.

पाचवा नोझल काढला, हाताच्या पंपावर लावून फवारा पाहिला. तो खरंच घाईने सुटत होता. त्याच्या स्प्रिंगखाली पातळ चकती घातली, तेव्हा तो बाकीच्यांबरोबर आला. मग पंपाचं डिझेल थोडं थोडं कमी केलं, टायमिंग बसवलं. सुतळी मी स्वतःच पुन्हा बांधून घेतली, दुसऱ्या पायाला. दुपार कलली तेव्हा आरशात धूर विरत गेला, नुसती राखाडी झुळूक राहिली, आणि तळपायाखाली इंजिन एका लयीत चालायला लागलं.

गवतवाला आला, गाठी भरलेली गाडी खिंडीपर्यंत चढवून परत आला. खूश होता. "काकू, काकांना सांगा, एक नंबर झालं. दुसरी गाडी पण तुमच्याकडंच आणतो." काका समोर उभे, आणि हा मला सांगतोय. मी अंगठा वर केला. यांनी मान हलवली. ट्रक गेला, आणि अंगणात नेहमीची शांतता आली.

हे पाटावर बसून हात पुसत होते, स्क्रूड्रायव्हर बाजूला पडलेला. मी उभी राहून त्याच्याकडे बघत होते आणि मला सरळ रागच आला. लोखंडाचं ऐकू येतं, मग माझं का नाही? मी काय इंजिनापेक्षा कमी बोलते? स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक पदराला पुसलं आणि मूठ त्यांच्या तोंडापुढे धरली. ते बावचळले. "धरा," म्हणून मीच मूठ त्यांच्या दातांत दिली. टोक माझ्या गळ्याला लावलं, हनुवटीच्या खाली. आता बोलायचं काय, तेच सुचेना. इतकं साठलेलं, आणि तोंडातून आलं काय?

"अवो, भात निवला. जेवायला चला."

त्यांचे डोळे मोठे झाले. मी पुन्हा म्हटलं, "ऐकताय ना?" तेव्हा त्यांनी मूठ हळूच तोंडातून काढली. आणि कितीतरी काळाने ओरडले नाहीत, हळू बोलले.

"तुजा आवाज बसलाय गो. कदीपासून?"

"तुमाला हाका मारून मारून," मी म्हटलं, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी मूठ पुन्हा त्यांच्या दातांत दिली.