अप्पांनी वाजवून पाहिलेला पौंड

शिद्रामअप्पा गेल्याची बातमी आली तेव्हा मी सांगलीच्या हळद बाजारात चहाच्या गाड्याशी उभा होतो. पुरात कृष्णेची मगर आमच्या स्वयंपाकघरात येऊन कशी पहुडली आणि आईनं तिला पाट समजून तिच्यावर भाताचं पातेलं कसं ठेवलं, हे सांगत होतो. मगर पातेल्यासकट नदीकडे वळणार, तेवढ्यात अप्पांच्या दुकानातला हमाल आला आणि म्हणाला, "अप्पा गेलं." मी विचारलं, कुठं? ऐकणाऱ्यांचं हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं... दुपारचं जेवून गादीवर टेकले, ते टेकलेलेच राहिले. त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. मगर अजून तिथंच थांबली आहे. तिला पुढं न्यायची इच्छा मला झालेली नाही.

अप्पा हळदीचे दलाल. आमच्या बाजारात कावळेसुद्धा पिवळे असतात, आणि नवरीला हळद लावायची तर तिला बाजारातून एक फेरी मारून आणलं की काम भागतं. अशा जागी अप्पा डोळे मिटून धंदा करायचे. पोत्यातून एक हळकुंड काढायचं, शहाबादी फरशीवर टाकायचं आणि कान द्यायचा. नीट वाळलेलं हळकुंड खणखणीत वाजतं. आत ओल राहिली असेल तर आवाज बद्द येतो. मग अप्पा मान हलवून म्हणायचे, "वलं हाय." त्या निकालावर अपील नव्हतं. माणसांनाही ते असंच वाजवून घेत. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांचं भाषण ऐकून ते माझ्या कानाशी "वलं हाय" म्हणाले होते. सासऱ्यांनी कबूल केलेली सायकल मी अजून पाहिलेली नाही.

सासष्ट साली आपल्या सरकारनं रुपया उतरवला, आणि ज्यांचे पैसे पौंडात यायचे होते त्यांची बसल्या जागी चांदी झाली. तेव्हापासून बाजाराला पौंडाचं वेड लागलं. तेल्याच्या दुकानातही लोक पौंडाचा भाव विचारू लागले. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास मुंबईच्या एका निर्यातदाराचा माणूस सांगलीत आला. त्याच्याकडं दोन वाटा होत्या. एक, आत्ताच रुपयांत पैसे घ्या. दुसरी, माल लंडनला पोचल्यावर तिथल्या पौंडांत भाव घ्या, त्यात चार पैसे जास्त. फक्त थांबावं लागणार होतं, कारण तिकडच्या लढाईमुळं सुवेझचा कालवा बंद झालेला, आणि बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जायच्या.

त्याच दिवशी वाईकडच्या एका गावचे सुभेदार अप्पांच्या दुकानात बसले होते. पेन्शनीत आलेले, मोठ्या लढाईत इटलीत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली लढलेले. गावातल्या दहा घरांची हळद एकत्र करून त्यांनी आणली होती. तिच्या पैशातून नदीचं पाणी वर उचलायला इंजिन घ्यायचं होतं. इंजिन आलं तर उन्हाळ्यात ऊस जगणार, नाही आलं तर नाही. इतकं ते सरळ होतं.

अप्पांच्या दुकानात कपाटाएवढा रेडिओ होता. संध्याकाळी तो लंडन धरायचा. अप्पांना इंग्रजी 'येस'च्या पलीकडं येत नव्हतं. अर्थ सांगायचं काम माझं. त्या संध्याकाळी विलायतेचा कुणी मंत्री बोलत होता. मी सांगितलं, पौंडाची किंमत कमी करणार नाही म्हणतोय. अप्पांनी विचारलं, हे तो कितव्यांदा म्हणतोय? मी म्हणालो, दर आठवड्याला म्हणतो. अप्पांनी डोळे मिटले. मंत्री बोलत राहिला, खरखर होत राहिली.

"वलं हाय," अप्पा म्हणाले. "सुक्या मालाचा धनी असा सांगत फिरत न्हाई. सुभेदार, इंजिन याच साली पायजे न्हवं? मग रुपयं घ्या."

"पौंड म्हंजे सायबाचा शब्द, अप्पा," सुभेदार म्हणाले.

इथं मी तोंड घातलं. आता अप्पा विलायतेचं सरकार फरशीवर आपटून बघणार, असं म्हणालो आणि मुंबईच्या एका शेटजींची गोष्ट सांगितली. पौंडाच्या व्यवहारानं त्यांच्याकडं इतका पैसा झाला की गाद्यांतला कापूस काढून त्यांनी नोटा भरल्या, आणि झोपल्यावर कुरकुर होते म्हणून बायको माहेरी गेली. सुभेदार इतके हसले की फेटा मांडीवर पडला. फेटा बांधता बांधताच त्यांनी पौंडाला हो म्हटलं. अप्पांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, बस्स.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि मागोमाग पौंड उतरला. दर सात पोत्यांमागं एक पोतं, बोट न बुडता, समुद्रात गेलं. तीन आठवड्यांनी कोयनेची जमीन हलली, माणसं गेली, आणि पायाखाली काही म्हणून पक्कं नाही असं सगळ्यांनाच वाटू लागलं. त्याच दिवसांत सुभेदार आले. इंजिन हुकलं होतं. "सायबानं शब्द फिरवला," एवढंच म्हणाले.

"त्यो शब्द नव्हता, सुभेदार," अप्पा म्हणाले. "नुस्ता आवाज व्हता."

माझं नाव कुणीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्या उन्हाळ्यात दहा घरांचा ऊस उभ्यानं वाळला, आणि सुभेदारांचा थोरला विट्याच्या कुणाबरोबर सोनं गाळायच्या दुकानात कामाला लागला, पार बंगालकडं.

अप्पा त्यानंतर रोज रेडिओपुढं बसायचे, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. यंदा, एकोणसत्तरच्या जूनमध्ये मी शेवटचा गेलो तेव्हा फ्रान्सच्या फ्रँकचं चाललं होतं. तिथलं सरकारही वर्षभर नाही नाहीच म्हणत आलेलं.

"थप्पीतलं एक पोतं वलं निघालं की शेजारचं बघावं लागतंय," अप्पा म्हणाले. "पौंड निघाला, आता ह्यो. अन् समद्यांत खालचं पोतं कुणाचं, ठावं हाय का?"

मी म्हणालो, कुणाचं?

"अमेरिकेच्या डालरचं. समदी थप्पी त्येच्यावर उभी हाय गड्या."

मला एकही विनोद सुचला नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

ऑगस्टात फ्रँक उतरला. ते ऐकायला अप्पा नव्हते. आणि गेल्या सोमवारी सुभेदार पुन्हा आले, दोन वर्षं राखलेली हळद ट्रकात घालून. इंजिनाचं अजून डोक्यात होतंच. खरेदीदार वेगळा, वाटा त्याच दोन: आज रुपये, नाहीतर पुढं परदेशी पैसा. अप्पांच्या मुलानं दुकान उघडून दिलं, पण गादीवर तोही बसला नाही, आम्हीही नाही. तक्क्याला त्यांच्या पाठीचा खळगा अजून तसाच आहे. आम्ही दोघं खाली जमिनीवर बसलो.

"एक इचारू?" सुभेदार म्हणाले. "त्यो मुंबईचा शेट, नोटांच्या गादीवाला... खरा व्हता का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी फरशीवरून तळहात फिरवला. "अप्पांनी तवाच सांगितलं व्हतं मला," मग म्हणाले. "भाईर पडताना. पर तुमचं ऐकाय लय ग्वाड वाटलं वं."

सुभेदार माझ्याकडं वळले.

"बरं, मग आता कुनाचं ऐकायचं?"

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. माल उतरवायचा का, विचारत होता. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा दिला.